सहीच्या आधीचा वकील

घर, जमीन किंवा दुकानाचा गाळा घेताना कागद बघणाऱ्यांची आपल्याकडे वाण नसते. एजंट बघतो, बिल्डरचा वकील बघतो, कर्ज देणाऱ्या बँकेच्या पॅनेलवरचा वकील बघतो, दुय्यम निबंधकाच्या कचेरीत दस्त चाळला जातो, पुढे तलाठी फेरफार धरतो. एवढ्या हातांतून गेलेला व्यवहार पक्काच असणार, असे वाटून माणूस निर्धास्त होतो आणि स्वतःचा वकील करण्याचे पैसे वाचवतो. अडचण अशी की यांतला प्रत्येक जण कागद पाहतो तो आपापल्या कामापुरता. एजंटाला व्यवहार व्हायला हवा असतो, कारण त्याशिवाय दलाली नाही. बिल्डरचा वकील बिल्डरला बांधलेला. बँकेला आपले कर्ज बुडणार नाही ना, एवढे पाहायचे. निबंधक मुद्रांक, ओळख आणि हजेरी बघतो. ‘ही मिळकत माझ्याकडे आणि माझ्यानंतर माझ्या माणसांकडे बिनघोर राहील का?’ हा प्रश्न यांपैकी कोणालाच कोणी विचारलेला नसतो, त्यामुळे त्याचे उत्तरही कोणी दिलेले नसते. माझे म्हणणे एवढेच आहे की हा प्रश्न आपण स्वतः फी देऊन एखाद्या वकिलाला विचारावा, सही करण्याच्या आधी विचारावा, आणि विचारताना घर, धंदा व वारसा हे तीन विषय वेगवेगळ्या वेळी तीन वेगवेगळ्या माणसांकडे न नेता एकत्र मांडावेत.

‘रजिस्टर झालंय ना, मग झालं’ हा समज सगळ्यांत चिवट. १९०८ च्या नोंदणी कायद्याने स्थावर मिळकतीचे बहुतेक दस्त नोंदवणे सक्तीचे केले. पण नोंदणी होते ती दस्ताची. अमुक दिवशी अमुक दोघांनी असा दस्त केला, याची सरकारदरबारी नोंद झाली, इतकेच त्यातून ठरते. विकणाऱ्याकडे विकण्यासारखे काही होते का, हा मुद्दा मोकळाच राहतो. तामिळनाडूत विक्रेत्याने आपली मालकी दाखवल्याशिवाय दस्त नोंदवू नये, असा नियम केला गेला होता. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२५ मध्ये तो रद्द केला आणि विक्रेत्याची मालकी तपासणे हे नोंदणी अधिकाऱ्याचे कामच नाही, असे स्वच्छ सांगितले. फेरफाराचेही तसेच. शेतसारा कोणाकडून घ्यायचा यासाठीची ती नोंद. तिने मालकी येत नाही की जात नाही, हे न्यायालये कित्येक वर्षे सांगत आली आहेत. कुलमुखत्यारपत्र आणि साठेखत हातात देऊन ‘मालक’ करण्याची पद्धतही २०११ मध्ये सूरज लॅम्प प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने निकालात काढली. नुसत्या साठेखताने मिळकतीत हक्क निर्माण होत नाही, हे तर १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यातच लिहिलेले आहे. तरीही शहरांच्या कडेला गुंठेवारीचे असे व्यवहार थांबलेले नाहीत, आणि घेणाऱ्याला वाटते की आपल्याकडे शिक्क्यांचा कागद आहे.

यावर एक आक्षेप खरोखर वजनदार आहे: बँक स्वतःचे पन्नास लाख उगाच घालते का? तिच्या वकिलाने अहवाल दिला असेल तर आणखी एका वकिलाची गरज काय? बँकेची तपासणी निरुपयोगी नसते, हे मान्य करायलाच हवे. ढोबळ दोष तिथे सापडतात. पण बँकेच्या हाती मिळकतीखेरीज कर्जदाराचा पगार असतो, जामीनदार असतो, आणि मिळकतीच्या किमतीचा एक हिस्सा कर्जदाराने आधीच स्वतःच्या खिशातून घातलेला असतो. उद्या मालकीचा दावा लागला तरी हप्ते चालूच राहतात. तो अहवाल बँकेला उद्देशून लिहिलेला असतो. त्यात चूक निघाली म्हणून कर्जदाराला त्या वकिलाला जाब विचारणे अवघड. बिल्डरच्या बाबतीत ‘रेरा’ या गृहप्रकल्पांच्या कायद्याने काही गोष्टी सुधारल्या. प्रकल्पाचा टायटल अहवाल महारेराच्या संकेतस्थळावर कोणालाही वाचता येतो, आणि मालकीतच दोष निघून ग्राहकाचे नुकसान झाले तर भरपाईच्या दाव्याला मुदतीचे बंधनही कायद्याने ठेवलेले नाही. मात्र भरपाई देणारा त्या वेळी ऐपतीचा असावा लागतो. शिवाय दुसऱ्या हातचे फ्लॅट, गावठाणातली घरे, शेतजमिनी, पागडीच्या खोल्या हे सगळे या छत्रीबाहेरच.

वकिलाकडे जाण्याची वेळही महत्त्वाची. बहुतेक लोक जातात ते इसार देऊन झाल्यावर. एजंटाच्या टेबलावर, छापील नमुन्यात नावे आणि रक्कम भरून इसार पावती होते. मालकी सदोष निघाली तर इसार किती दिवसांत परत, कोणती कागदपत्रे कोणी आणायची, कर्ज नामंजूर झाले तर काय, सोसायटीची थकबाकी कोणाच्या माथी, याबद्दल त्या पावतीत अवाक्षर नसते. असते ते एकच वाक्य: घेणाऱ्याने माघार घेतल्यास रक्कम जप्त. आता त्या पावतीला कोरा कागद समजू नये. २०१८ च्या दुरुस्तीनंतर करार पुरा करायला लावण्याबाबतचा कायदा पूर्वीपेक्षा कडक झाला आहे, त्यामुळे अर्धवट शब्दांची पावतीही कोर्टात अंगाशी येऊ शकते. नव्या प्रकल्पात नोंदणीकृत करार होण्याआधी किमतीच्या दहा टक्क्यांहून जास्त रक्कम घ्यायला बिल्डरला मनाई आहे. दुसऱ्या हातच्या व्यवहारात असे कुंपण नाही, तिथे कुंपण आपणच घालायचे. ‘वकिलाच्या समाधानकारक टायटल अहवालाच्या अधीन’ एवढी ओळ इसार पावतीत लिहून घेतली आणि तिच्यापुढे परतीची मुदत घातली, तरी निम्मी काळजी मिटते. ती ओळ लिहू द्यायला विकणारा तयार नसेल, तर तेवढ्यावरूनही बरेच कळते.

सातबाऱ्यावर वकील काय वाचतो, ते जवळून पाहण्यासारखे आहे. आपण नाव आणि क्षेत्र पाहतो. त्याची नजर आधी नावाच्या मागेपुढे असलेल्या त्रोटक अक्षरांवर जाते. ‘ए.कु.मॅ.’ असेल तर थोरल्या भावाचे नाव एकत्र कुटुंबाचा मॅनेजर म्हणून लागले आहे. खाली न दिसणारे भाऊबहीण हक्कदार असू शकतात. ‘अ.पा.क.’ असेल तर ते नाव अज्ञान मुलाच्या पालनकर्त्याचे; मुलाची स्वतःची मिळकत न्यायालयाच्या परवानगीशिवाय विकली गेली असेल, तर तो सज्ञान झाल्यावर ती विक्री उलटवू शकतो. मग भोगवटादार वर्ग १ की २, हे पाहायचे. वर्ग २ ची जमीन सरकारी परवानगीशिवाय हात बदलत नाही. ‘इतर हक्क’ या रकान्यात कुळाचे नाव, सोसायटीचा बोजा, ‘कुळकायदा कलम ४३’ असा शेरा, पाटबंधाऱ्याची नोंद, काहीही दडलेले असते. प्रत्येक फेरफार क्रमांकाच्या पाठी एक जुनी कहाणी असते: वारसनोंद करताना मुलींची नावे गाळली का, बहिणींचे हक्कसोडपत्र नोंदवलेले आहे की नुसता तलाठ्यापुढचा जबाब. आणि घेणारा स्वतः शेतकरी नसेल तर शेतजमीन घ्यायला परवानगी लागते, हेही बरेच जण व्यवहार ठरल्यावर ऐकतात. तीस वर्षांचा शोध घ्यायची रूढी आहे. ऑनलाइन शोध सोयीचा असला तरी जुन्या सूचीसाठी कचेरीत माणूस बसवावा लागतो, आणि ‘काही पाने फाटलेली आढळली’ असे शोध अहवालात दिसले तर ते वाक्य ओलांडून पुढे जाऊ नये. जुनी मिळकत आणि मोठे कुटुंब असेल तिथे वर्तमानपत्रात जाहीर नोटीस देणे फार स्वस्तात पडते.

वारशाच्या बाबतीत लोक वकिलाकडे सर्वांत उशिरा, म्हणजे माणूस गेल्यावर, जातात. ‘नॉमिनी लावलाय’ हे त्याचे कारण. पण नॉमिनी साधारणपणे रक्कम किंवा मिळकत स्वीकारणारा असतो. ती अखेर कोणाची, हे मृत्युपत्र किंवा वारसा कायदा ठरवतो. शेअर आणि म्युच्युअल फंडांच्या बाबतीत हेच लागू आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये शक्ती येझदानी प्रकरणात सांगितले. गृहनिर्माण सोसायटीतही नॉमिनीला वारस ठरेपर्यंत तात्पुरते सभासदत्व मिळते. आयुर्विम्यात मात्र २०१५ च्या दुरुस्तीनंतर जोडीदार, मुले किंवा आईवडील नॉमिनी असतील तर रक्कम त्यांचीच होते. एकाच माणसाच्या कपाटातल्या तीन कागदांना तीन नियम लागू पडतात, आणि घरच्यांना एकच ठाऊक असतो. हिंदू उत्तराधिकार कायद्याने मृत्युपत्राविना गेलेल्या पुरुषाचे पहिल्या वर्गातले वारस म्हणजे मुख्यतः बायको, मुलगे, मुली आणि आई. यातली आई विसरली जाते, तिच्या पश्चात तिचा हिस्सा तिच्या इतर मुलांकडेही जातो, आणि वहिनीच्या फ्लॅटमध्ये दिराचा हक्क उभा राहतो. वडिलोपार्जित मिळकतीत मुलीचा हक्क जन्मापासूनचा. या कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीच्या दिवशी वडील हयात असण्याची अट नाही, हे विनीता शर्मा प्रकरणातल्या ऑगस्ट २०२० च्या निकालाने स्पष्ट केले. ‘तोंडी वाटणी झाली होती’ हे सांगणे आता सहज चालत नाही. आणि स्वतः कमावणाऱ्या विवाहित स्त्रियांनी याच कायद्याचे कलम १५ एकदा तरी कोणाकडून समजावून घ्यावे: मृत्युपत्र नसेल, मूलबाळ आणि नवरा मागे नसेल, तर तिने स्वतः कमावलेले घर तिच्या आईवडिलांच्या आधी नवऱ्याच्या वारसांकडे जाते. दिरा-नणंदांना घर मिळावे अशी तिची इच्छा असेल तर प्रश्नच नाही. नसेल तर दोन साक्षीदारांसमोर सही केलेले साध्या कागदावरचे मृत्युपत्र पुरते. त्याला मुद्रांक लागत नाही, नोंदणी सक्तीची नाही. साक्षीदार मात्र वयाने आपल्याहून लहान, पत्ता सापडेल असे आणि मृत्युपत्रात ज्यांना काही मिळत नाही असे निवडावेत, कारण वाद झालाच तर त्यांतल्या एकाला तरी कोर्टात उभे राहावे लागते.

बक्षीसपत्राबद्दल जरा थांबून बोलले पाहिजे. राहते घर नवरा-बायको किंवा मुला-नातवंडांना बक्षीस द्यायला महाराष्ट्रात मुद्रांक शुल्कात मोठी सवलत आहे, म्हणून ‘आत्ताच करून टाका, पुढे मुलांना कटकट नको’ असा सल्ला चहाच्या टेबलावर फुकट मिळतो. मृत्युपत्र मरेपर्यंत कितीही वेळा बदलता येते. बक्षीस एकदा दिले की मनात आले म्हणून परत घेता येत नाही. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम २३ खाली न्यायाधिकरणाकडे जाऊन असे हस्तांतर रद्द करून घेता येते, पण देखभाल करण्याच्या अटीवर ते दिले असेल तरच. ही अट दाखवता आली पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये म्हटले. जानेवारी २०२५ च्या एका निकालात न्यायालयाने हा कायदा वृद्धांच्या बाजूने उदारपणे वाचावा असे सांगितले खरे, तरी म्हाताऱ्या माणसाने त्या उदारतेच्या भरवशावर का राहावे? ‘देणार यांना हयातभर या घरात राहण्याचा हक्क राहील व घेणार यांनी त्यांचे अन्न, वस्त्र, औषधपाणी करावयाचे आहे, या अटीवर’ अशी दीड ओळ दस्तात असणे आणि नसणे यांत वृद्धापकाळाचा फरक आहे. छापील नमुना भरून देणाऱ्या टंकलेखकाच्या मसुद्यात ती नसते, कारण ती घालायला त्याला कोणी सांगितलेले नसते.

आता धंदा. समजा दोघे भाऊ भागीदारीत हार्डवेअरचे दुकान चालवतात. गाळा थोरल्याच्या नावावर, पण कर्जाचे हप्ते फर्मच्या खात्यातून गेलेले. भागीदारीपत्र बँक खाते उघडण्यापुरते करून घेतलेले, फर्मची नोंदणी नाही. उधारी तुंबते तेव्हा पहिला धक्का बसतो: १९३२ च्या भागीदारी कायद्याच्या कलम ६९ प्रमाणे नोंदणी नसलेल्या फर्मला करारावरून गिऱ्हाइकावर दावाच लावता येत नाही. दुसरा धक्का थोरला अचानक गेल्यावर. दोनच भागीदार असतील तर एकाच्या मृत्यूने फर्म संपते. धाकटा म्हणतो, गाळा फर्मच्या पैशातला, म्हणून फर्मचा. वहिनी म्हणते, खरेदीखतावर माझ्या नवऱ्याचे नाव आहे. दोघेही खोटे बोलत नसतात. वारसांत वहिनी, तिची मुले आणि सासूबाई, सगळ्यांच्या सह्या मिळेपर्यंत गुंता सुटत नाही. यात वकिलाने आधी करून ठेवण्याजोगे काम तीन-चार परिच्छेदांचेच होते: गाळा कोणाचा हे भागीदारीपत्रात लिहिणे, भागीदार गेल्यास त्याच्या हिश्शाची किंमत कशी काढायची व किती महिन्यांत वारसांना द्यायची हे ठरवणे, तिसरा भागीदार घ्यायचा की एलएलपी करायची याचा विचार, आणि या सगळ्याशी जुळणारे थोरल्याचे मृत्युपत्र. भागीदारीपत्र सीएने केले, खरेदीखत एजंटाच्या माणसाने आणि मृत्युपत्र कोणीच नाही, असे झाले की तिन्हींचा मेळ कुठेच बसत नाही. सीए कराचे उत्तम सांगतो. त्याच्याकडून वारशाच्या कलमांची अपेक्षा ठेवणे हा त्याच्यावर अन्याय आहे.

‘घरात वकील आला की भांडण आलं,’ असे म्हणणाऱ्यांचा अनुभव खोटा नाही. पण तो बहुधा भांडण झाल्यावर बोलावलेल्या वकिलाचा असतो. दाव्यात उतरलेला वकील एका बाजूचा असतो, त्याने तसेच असायचे असते. सल्ल्यासाठी आधी गाठलेल्या वकिलाचे काम वेगळे. दुसरी तक्रार अशी की वकील प्रत्येक गोष्टीत खोट काढतात आणि चांगला व्यवहार घाबरवून मोडतात. यात तथ्य आहे. चाळीस दोषांची यादी देऊन मोकळे होणारे असतात. त्यावर उपाय प्रश्न नीट विचारण्यात आहे: यांतला कोणता दोष दुरुस्त होण्यासारखा आहे, कोणाकडून, किती दिवसांत, कोणता दोष कायमचा, आणि तुम्ही स्वतःच्या पैशाने ही मिळकत घेतली असती का? मसुदे हल्ली मोबाइलवर मिळतात, त्यांची भाषाही बरी असते. पण दुसऱ्या राज्याचा मसुदा इथल्या मुद्रांक कायद्याला आणि कुळकायद्याला ओळखत नाही, आणि तुमच्या आत्याचे नाव फेरफारात का गळले, हे मसुद्याला विचारता येत नाही.

वकिलाकडे जाताना एका कागदावर वंशावळ काढून न्यावी, मृत व्यक्ती आणि विवाहित मुलींसकट. दुसऱ्यावर तारखेवार हकिगत. अडचणीची गोष्ट लपवू नये. अशिलाने वकिलाला सांगितलेल्या गोष्टींना कायद्याने गोपनीयतेचे संरक्षण आहे. एजंटाला सांगितलेल्याला नाही. समोरच्याचाच वकील ‘दोघांचंही बघतो’ म्हणाला तर आभार मानून स्वतःचा शोधावा. फी आधी ठरवावी, पावती घ्यावी, मत लेखी मागावे आणि कोणते कागद पाहून ते दिले हे त्यात लिहिलेले असावे. दावा जिंकला तर मिळकतीत अमुक टक्के, असा सौदा करायला बार कौन्सिलचे नियम वकिलाला मनाई करतात. जो असा सौदा मांडतो त्याच्याकडे कागद ठेवू नयेत. गोव्याशी संबंध असेल तर गोव्यातल्याच वकिलाला विचारावे. तिथे नवरा-बायकोची मिळकत सामाईक धरली जाते, मृत्युपत्राने सगळे मन मानेल तसे देता येत नाही, आणि मूळ गोवेकराची मुंबईतली मिळकतही त्याच कायद्याखाली येते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये ठरवले. मुसलमान कुटुंबात मृत्युपत्राला साधारण एकतृतीयांशाची मर्यादा असते. परदेशातून मुखत्यारपत्र पाठवणाऱ्यांनी ते तिथल्या भारतीय वकिलातीतून साक्षांकित करावे, आणि इथे पोचल्यावर तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक भरला जाईल याची काळजी घ्यावी; ही मुदत फार जणांची हुकते.

राहिला फीचा प्रश्न. पन्नास-साठ लाखांच्या व्यवहारात एजंटाची दलाली कुरकुर न करता देणारे लोक वकिलाच्या फीवर घासाघीस करतात, त्यांच्याशी वाद घालण्यात अर्थ नाही. ज्यांना खरोखरच परवडत नाही त्यांच्यासाठी १९८७ चा विधी सेवा प्राधिकरण कायदा आहे, आणि त्यात मोफत सेवा म्हणजे नुसता कोर्टातला वकील असे नाही, कोणत्याही कायदेशीर बाबीवरचा सल्लाही त्यात येतो. स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती-जमातींतील व्यक्ती, अपंग आणि औद्योगिक कामगार यांना त्यासाठी उत्पन्नाची अट नाही, इतरांना आहे. म्हणजे सासरच्या घराचे बक्षीसपत्र पुढ्यात ठेवून ‘इथे सही कर’ म्हटले गेलेल्या बाईला नवऱ्याचा पगार कितीही असो, आधी विचारायला जागा आहे. जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे कार्यालय असते, तालुक्याला समिती असते, आणि १५१०० या क्रमांकावर फोन करता येतो. जाताना दस्ताचा मसुदा, सातबारा किंवा मालमत्ता पत्रक आणि आधार कार्ड बरोबर ठेवावे.